दोघींना सारखीच पॅडल

मी एक जुनी पॅडल आहे, मित्रांनो, पिकलबॉल हा नेटवरचा खेळ खेळायची. बॅट म्हणालात तरी मी रागावणार नाही. रागावायलाही अंगात जोर लागतो आणि तो आता माझ्यात फारसा उरलेला नाही. माझ्या कडेची पट्टी दोन ठिकाणी सुटली आहे, तोंडावरचा खरखरीतपणा जाऊन ते गुळगुळीत झालं आहे आणि मुठीवरची गुंडाळी घामानं काळी पडली आहे. दारामागच्या खुंटीवर, छत्र्यांच्या शेजारी मी लटकलेली असते. माझी कहाणी फार मोठी नाही, पण ती सांगायची राहून गेली तर मला हुरहुर लागेल.

माझा जन्म कारखान्यातला. मध्ये बारीक भोकांची, मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसणारी जाळी, तिच्या दोन्ही बाजूंना कडक पातळ पत्रे, आणि वरून तापलेल्या यंत्राचा असा दाब की जन्मालाच यायला नको वाटावं. त्याच साच्यातून माझ्या पाठोपाठ माझी जुळी बहीण बाहेर आली. आम्ही दोघी लांबट चेहऱ्याच्या, लांब आणि जाड मुठीच्या, डोक्याकडून जड. आमचा गाभा पातळ होता. पातळ गाभ्याची पॅडल चेंडूला जवळ थांबू देत नाही, आला की भिरकावून देते. मागच्या रेषेवर उभं राहून जीव खाऊन मारायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी आम्ही घडलो होतो. पलीकडच्या साच्यात रुंद तोंडाच्या, जाड गाभ्याच्या, हलक्या पॅडल्स तयार व्हायच्या. त्या चेंडूला जरा थोपवून धरायच्या आणि मग हवा तिथं ठेवायच्या. आम्ही त्यांना मऊ म्हणून हसायचो. नव्या असताना हसायला कारण लागत नाही.

दुकानात आम्ही दोघी भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेल्या होतो. एका दुपारी तीन बायका आत आल्या. पुढे सासूबाई, मागे दोन सुना. सासूबाईंची सगळी नोकरी टपाल कचेरीत पार्सलं तोलण्यात गेली होती आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी तराजू काही खाली ठेवला नव्हता. थोरली सून केस कापायचं दुकान चालवायची. चण लहान, बोटं बारीक, आवाज हळू. धाकटी पोहायला शिकवायची. तिचे खांदे दारातून आधी आत यायचे आणि ती मागून. दोघी जावांनी नुकतंच एकत्र खेळायला सुरुवात केली होती आणि सासूबाईंना त्याचं भारी कौतुक होतं. म्हणून पॅडल त्या स्वतः घेऊन देणार होत्या.

दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कशा खेळता तुम्ही? मागून जोरात मारता, की नेटजवळ राहून चेंडू अलगद टाकता?"

धाकटीनं उत्तर द्यायच्या आधीच माझ्या बहिणीला खाली काढून दोनदा हवेत फिरवलं. "मला हीच," ती म्हणाली. खरंच, ती तिच्यासाठीच होती. मग दुकानातल्या बाईंनी थोरलीच्या हातात एक रुंद, हलकी पॅडल दिली. थोरली तिच्यावर चेंडू टपटप करत उभी राहिली. चेंडू शहाण्या मुलासारखा जागच्या जागी उडत होता.

"वेगवेगळं नको," सासूबाई म्हणाल्या. "एकीला लांब, एकीला आखूड, हे आमच्या घरात चालत नाही. दोघींना सारखीच द्या."

"आजी, हे ज्याच्या त्याच्या हातावर असतं," बाई म्हणाल्या.

"हात कसेही असोत. सुना मला दोघी सारख्या."

त्यापुढे दुकानातल्या बाई काय बोलणार? त्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं हातातली पॅडल परत ठेवली आणि म्हणाली, "मला चालेल. ही पण छानच आहे." ही म्हणजे मी. अशी मी त्या घरात गेले.

त्या घरात सगळंच जोडीनं यायचं. शाली दोन, छत्र्या दोन, कपाटं दोन, अगदी पायपुसणीही दोन. रंगातसुद्धा फरक नाही. नव्या माणसाला वाटावं, या घरात जुळ्या बहिणीच नांदायला आल्या आहेत. सासूबाईंचा हेतू निर्मळ होता आणि सुना समजूतदार होत्या. दोन्ही बाजूंनी इतका चांगुलपणा असला की खरं बोलायला जागा उरत नाही.

खेळायची जागा म्हणजे एका जुन्या गोदामामागचं काँक्रीटचं पटांगण. तिथं पांढऱ्या पट्ट्या आखून, मधे नेट लावून चार कोर्टं केली होती. थोरली सकाळी दुकान उघडायच्या आधी तिथं यायची. दिवसभर लोकांची डोकी सांभाळायची आणि घरी आल्यावर घरच्यांची मर्जी, त्यात हा एवढा वेळ तिचा स्वतःचा होता. त्या वेळेसाठी ती रात्रीच बूट दारात काढून ठेवायची.

या खेळात नेटजवळच्या पट्ट्याला किचन म्हणतात. त्यात पाय ठेवून हवेतला चेंडू मारायचा नसतो. थोरलीला त्या पट्ट्याच्या कडेशी उभं राहून खेळायला आवडायचं. चेंडू नेटच्या जरासा वरून, झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा पलीकडे टाकायचा, की समोरच्याला धड मारताही येऊ नये आणि सोडताही येऊ नये. बाकावर बसून सासूबाई म्हणायच्या, "घ्या, इथंही ही किचनच्याच दाराशी." सगळे हसायचे. थोरलीही हसायची, पण ते हसणं सासूबाईंचं मन राखण्यापुरतं असायचं.

नेमकं तेच माझ्यानं होत नव्हतं. ती अलगद टाकायला जायची आणि चेंडू माझ्या अंगावरून ताडकन उडायचा, समोरच्याच्या खांद्याइतका वर. तो कसला सोडतोय? तो असा मारायचा की थोरलीच्या पायापाशी आवाज व्हायचा. मग ती मला आवरायला आणखी घट्ट धरायची. माझी मूठ तिच्या हाताला जाड, बोटं नीट मिटायची नाहीत. चेंडू मधोमध लागला तर ठीक. जरा कडेला लागला की मी थरथरायचे आणि ती थरथर मनगटातून तिच्या कोपरात शिरायची. मला ते कळायचं, पण थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

तिकडे माझी बहीण नुसती गाजत होती. धाकटी तिला अशी फिरवायची की लोक शेजारचा खेळ सोडून बघायला यायचे. एका स्पर्धेत दोघी जावांना कप मिळाला. तो बहुतेक धाकटीच्याच फटक्यांचा होता, पण सासूबाईंनी कपाचे दोन कान दोघींच्या हातात देऊन फोटो काढला. त्या दिवशी खेळता खेळता धाकटी म्हणाली होती, "ताई, जरा जोरात मारा ना, किती जपून खेळता." तिच्या मनात काही नव्हतं. थोरलीनं त्यानंतर खरोखरच जोरात मारायला सुरुवात केली आणि तिथून तिचं दुखणं वाढलं.

आधी ती बाहीखाली पट्टा बांधू लागली. उकाड्यातही लांब बाह्या. कोर्टावरून ती तडक दुकानात जायची, म्हणून मीही पिशवीतून तिच्याबरोबर असायचे आणि सगळं बघायचे. केस कापताना हात सतत वर धरावा लागतो. ती मधेच कंगवा डाव्या हातात घ्यायची, काहीतरी शोधायच्या निमित्तानं ड्रॉवरपाशी जायची, तिथं हात खाली सोडून उभी राहायची आणि परत यायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई फार निगुतीनं काम करतात.

मग एक दिवस कात्री तिच्या हातातून सुटली. खुर्चीत नेहमीचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कात्री त्यांच्या कानाजवळून मांडीवर पडली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, कात्रीला तेल लागलंय," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिनं दाराची पाटी उलटी केली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत तिला बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आरशासमोर कोपर धरून ती बसून राहिली. रडली नाही.

मग ती एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेली. त्यांनी तिला पॅडल घेऊन बोलावलं होतं. त्यांनी मला हातात तोललं आणि विचारलं, "ही तुमचीच ना? घरातल्या कुणा धिप्पाड माणसाची उचलून नाही ना आणलीत?"

"माझीच. सासूबाईंनी घेतली. जाऊबाईंकडे पण अशीच आहे."

"त्यांचं दुखतं कोपर?"

"नाही."

"दुखणारही नाही, त्यांच्या हाताला ती बसत असेल. तुमच्या नाही बसत. एक तर ही बदला, नाहीतर खेळ सोडा. दोन्ही नाही केलंत तर कात्री सोडावी लागेल."

किती सोपं होतं, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, मग बदलायची की. पण ज्या घरात प्रत्येक वस्तू जोडीनं येते, तिथं एकच वस्तू परत करणं म्हणजे देणाऱ्याचा हात झिडकारणं. घरी पोचेपर्यंत थोरलीनं ठरवलं होतं, आणि तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं.

रात्री जेवताना ती धाकटीला म्हणाली, "मला आता सकाळी उठायचा कंटाळा येतो गं. तू दुसरी जोडीदार बघ."

धाकटीचा हात ताटातच थांबला. "अचानक?"

"अचानक काय, वय झालं."

धाकटीला आपलं कप मिळाल्याच्या दिवशीचं वाक्य आठवलं असणार, कारण त्यानंतर ती थोरलीशी कामापुरतंच बोलू लागली. दुसरी जोडीदार तिला मिळाली. धाकटी सकाळी खेळून यायची, आंघोळ करायची, निघून जायची. मी दारामागच्या खुंटीवर धूळ खात होते. ते दिवस मला फार जड गेले. सकाळी उठायचा कंटाळा येतो म्हणणारी थोरली रोज त्याच वेळेला उठायची, स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन बसायची, आणि बाहेर धाकटी बुटाच्या नाड्या बांधायची तो आवाज ऐकत राहायची. दार लागलं की मग चहा प्यायची.

सासूबाईंना काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं. असं कळलं की त्यांच्याकडे एकच उपाय असायचा. या वेळी दोन थर्मास आले, दोन्ही हिरवे. दोघी सुनांनी छान आहेत म्हणून कपाटात ठेवून दिले.

घरातल्यांचे केस थोरलीच कापायची. सुट्टीच्या दिवशी दाराजवळच्या बोळात स्टूल मांडायचं, खाली वर्तमानपत्र पसरायचं. त्या सुट्टीला धाकटी येऊन स्टुलावर बसली, मान खाली घालून. एरवी या दोघी केस कापताना इतकं बोलायच्या की सासूबाई आतून विचारायच्या, केस कापताय की गप्पा. त्या दिवशी फक्त कात्रीचा आवाज येत होता, आणि तोही मधे मधे थांबत होता.

धाकटीनं हातातला आरसा वर केला. एक बाजू दुसरीपेक्षा चांगली दोन बोटं वर गेली होती. थोरलीच्या हातून असं कधी झालं नव्हतं. धाकटी वळली. थोरलीनं कात्री डाव्या हातात घेतली होती आणि उजवा हात खाली सोडला होता.

"ताई, हात दाखवा."

"काही नाही, मान सरळ ठेव."

धाकटीनं उठून तिची बाही वर सारली. पट्टा दिसला, त्याच्याखाली सुजलेलं कोपर दिसलं. "कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"कपाच्या आधीपासून?"

थोरलीनं मान डोलावली. धाकटी स्टुलावर परत बसली. "आणि मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात. मी तुम्हाला जोरात मारा म्हणाले म्हणून."

"तुझ्यावर कशाला रागावू? तू बरोबरच म्हणालीस. माझ्यानं होत नव्हतं."

धाकटीनं मला खुंटीवरून काढलं. माझ्यावरची धूळ तिच्या हाताला लागली. तिनं थोरलीचा हात माझ्या मुठीवर ठेवला आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती मिटेनात.

"ही तर तुमच्या हातात मावतसुद्धा नाही. बदलली का नाही?"

"आईंना काय सांगणार? इतक्या हौसेनं आणली त्यांनी."

धाकटीला हसू फुटलं. अर्धे केस वर, अर्धे खाली, अशा अवतारात ती हसत सुटली. "ते काळे बूट आठवतात? दोघींना एकाच मापाचे? माझी बोटं दुमडायची त्यात. पुढं फाटेपर्यंत घातले मी."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला चपखल बसले होते ना. तुम्ही किती खूश होतात."

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी कप किणकिणले. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या ते कळत नव्हतं, पण चहावर साय धरली होती.

त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि त्याच स्टुलाच्या कडेला टेकल्या. "मला एकीनंही सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, त्या नुसत्या थकलेल्या वाटत होत्या. "मी या घरात आले तेव्हा माझ्या थोरल्या जावेला नवं आणि मला तिचं जुनं. तिचा कप अख्खा, माझा टवका उडालेला. बोलायची सोय नव्हती. तेव्हा मनाशी म्हटलं होतं, माझ्या सुनांना असं होऊ द्यायचं नाही."

"झालंच नाही, आई," थोरली म्हणाली. "कधी कुणाला कमी पडलं नाही."

"हो, कोपर सुजेपर्यंत पुरलं." त्यांनी थोरलीचा हात आपल्या मांडीवर घेतला, पट्टा सोडला आणि सुजेवरून अंगठा फिरवला. मग त्या म्हणाल्या, "बोलायची सोय मी तरी कुठं ठेवली तुम्हाला."

थोरलीचे डोळे तेव्हा भरून आले. दुखण्यानं जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं.

कोपर बरं व्हायला बराच काळ लागला. शेकायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आणि थर्मासचा पहिल्यांदा उपयोग झाला. मग तिघी पुन्हा त्याच दुकानात गेल्या. मलाही नेलं होतं, मूठ किती जाड नको ते दाखवायला. या वेळी थोरलीनं घाई केली नाही. एक हातात घेतली, ठेवली. दुसरी घेतली, डोळे मिटून तोलली, बोटं मिटतात का पाहिलं, कडेला चेंडू लावून थरथर येते का ते पाहिलं. सासूबाई ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसल्या होत्या, आणि ते त्यांना किती अवघड जात होतं ते सगळ्यांना दिसत होतं. शेवटी थोरलीनं एक रुंद, हलकी, जाड गाभ्याची पॅडल पुढं केली.

"हिच्यासारख्या दोन द्या," सासूबाई सवयीनं म्हणाल्या.

"मला नको, आई," धाकटी म्हणाली. "माझी मला छान आहे."

सासूबाईंना जरा लागलं, ते दिसलं. पण त्यांनी ते गिळलं आणि दुकानातल्या बाईंना म्हणाल्या, "एकच द्या."

माझं काय झालं म्हणाल, तर सासूबाई मला आता गाद्या झटकायला नेतात. लांब मूठ, जड डोकं, फटक्यात जोर. त्या कामात माझ्यासारखी दुसरी नाही, असं त्या शेजाऱ्यांना सांगतात. गादीच्या पलीकडे कुणाचं कोपर नसतं, त्यामुळे मलाही निर्धास्त वाटतं. नाकातोंडात धूळ जाते, पण चालायचंच.

जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आमची निगा राखा. मी ते सांगणार नाही, मित्रांनो. मी झिजले तर दुसरी मिळेल. तुम्ही आधी स्वतःचा हात बघा. तुम्ही मारकुटे आहात की अलगद टाकणारे, ते स्वतःला खरंखरं विचारा, आणि मग माझ्या जातीतली जी तुमच्या मुठीत मावेल ती घ्या. दुसऱ्याला घेऊन देत असाल तर त्याला आधी हातात धरू द्या आणि तो नको म्हणाला तर रुसू नका. आणि दुखत असेल तर सांगा. समोरचा किती चांगला आहे याचा विचार करत दुखणं सोसू नका, कारण समोरच्याला ते कळलं तर त्याला तुमच्याहून जास्त दुखतं.

नव्या पॅडलची पहिली सकाळ सांगायची राहिलीच. धाकटीनं मला जादाची म्हणून पिशवीत टाकलं होतं, त्यामुळे मी बाकावर, सासूबाईंच्या शेजारी होते. थोरली किचनच्या कडेशी उभी राहिली. चेंडू आला. तिनं मूठ सैल ठेवून त्याला नुसतं पलीकडे ठेवलं, नेटच्या जरासं वरून, इतकं हळू की समोरचा धिप्पाड गडी धावत आला, वाकला, आणखी वाकला, आणि चेंडू त्याच्या पॅडलखालून निघून गेला. थोरली हसली. कुणाचं मन राखायला नव्हे. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. धाकटीही हसू लागली. सासूबाई माझ्याकडे न बघता माझी मूठ घट्ट धरून बसल्या होत्या. दोन वर्षं मी रोज तिच्या हातात होते, आणि तिचं ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं ते बाकावरून.